उभ्या गाडीचीही तब्येत असते

कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दोन-तीन गाड्या तरी अशा दिसतील, ज्यांच्या कव्हरवर कबुतरांनी नक्षी काढलेली असते आणि टायर किंचित बसलेले असतात. गाडी एखाद्या निवृत्त जोडप्याची असते, मुलं परदेशात असतात. नाहीतर मालक रोज लोकलने किंवा मेट्रोने जातो आणि गाडी फक्त गावी जाताना बाहेर काढतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘असू दे अडीनडीला. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर?’’

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात या ‘अडीनडी’ची दुसरी बाजू दिसते. छातीत दुखणारा रुग्ण मध्यरात्री उलटून गेल्यावर पोहोचतो आणि सोबतचे नातेवाईक सांगतात, ‘‘दुखायला केव्हाच लागलं होतं. गाडी काढायला गेलो तर सुरूच होईना. मग शेजाऱ्यांना उठवलं, रिक्षा शोधली...’’ हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद झाल्यापासून दर मिनिटाला हृदयाचा थोडा थोडा स्नायू मरत असतो. त्या वेळी खाली गेलेली बॅटरी ही केवळ मेकॅनिकची बाब राहत नाही.

‘गाडी चालवलीच नाही, तर ती खराब कशाला होईल?’ हा मोठा गैरसमज आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, गाड्या दोन-अडीच महिने जागच्या हलल्या नाहीत आणि रस्ते खुले झाले तेव्हा त्यातल्या कित्येक सुरूच झाल्या नाहीत. शरीराचंही असंच असतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना संशोधनासाठी तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आलं. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हाही ती तेवढी खाली गेलेली नव्हती. तीस वर्षांच्या वयापेक्षा तीन आठवड्यांची खाट जास्त महागात पडली होती. शरीर निदान व्यायामाने पूर्वपदावर येतं. गाडीत मात्र जे आटलं, गंजलं, तडकलं, ते आपोआप भरून येत नाही.

म्हणून आज उभ्या गाडीची थोडी तपासणी करू. तिचं बिघडणं जिथे आपल्या प्रकृतीशी येऊन भिडतं, तिथे जरा जास्त थांबू.

बॅटरी : झोपेतही जागी

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. आज आपल्या बोनेटखाली आहे ती मुळात तीच. दोन व्होल्टहून थोड्या जास्त दाबाचे सहा कप्पे जोडून बारा व्होल्ट मिळतात.

गाडी बंद केली तरी या बॅटरीला सुट्टी नसते. घड्याळ, चोरघंटा, दूरनियंत्रित कुलूप, इंजिनाचा संगणक हे सगळे तिच्यातून थेंब थेंब वीज घेत राहतात. साधारण ३० मिलिअँपिअर धरा. आठवड्याला सुमारे ५ अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांच्या आसपास. म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत ती निम्म्यावर येते. त्यात बॅटरीचा स्वतःचा झिरपा असतोच, आणि उन्हाळ्यात तो वाढतो. बॅटरी तीन-चार वर्षांची जुनी असेल, तर महिनाभराने किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक टक’ आवाज येणार.

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक जमतात आणि कडक होत जातात. ते मग चार्ज करूनही पुरते विरघळत नाहीत. उतरलेली बॅटरी ‘बघू नंतर’ म्हणून ठेवली, की ती कायमची कमजोर होते.

साधा मल्टिमीटर कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली आला, तर चार्ज करा. १२ च्या खाली गेला, तर तिच्या भरवशावर राहू नका. तीन आठवड्यांहून जास्त बाहेरगावी जाणार असाल, तर बॅटरीची काळी, म्हणजे ऋण टोकाची वायर काढून ठेवा. जमत नसेल तर मेकॅनिककडून काढून घ्या. बॅटरी घरी चार्ज करत असाल तर खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ उदबत्ती, सिगारेट, ठिणगी काही नको. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचीही यातून सुटका नाही. त्यांच्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते. ती बसली, की दारंसुद्धा उघडायला तयार होत नाहीत.

‘रोज सकाळी दहा मिनिटं सुरू ठेवतो’

हा उपाय घरोघरी चालतो आणि तो जवळजवळ निरुपयोगी आहे. जागच्या जागी मंद चालणारं इंजिन बॅटरी फारशी भरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते पुरेसं तापत नाही.

एक लीटर पेट्रोल जळलं, की जवळजवळ एक लीटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो, त्याचं हे पाणी. गाडी रस्त्यावर पळते तेव्हा ते वाफ होऊन निघून जातं. इंजिन दहा मिनिटांतच बंद केलं, तर ते सायलेन्सरमध्ये थिजतं आणि आतून गंज धरतो. थोडं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. ऑइल पूर्ण तापलं असतं तर हे दोन्ही उडून गेलं असतं. म्हणून ऑइल बदलताना फक्त किलोमीटर बघू नका. कंपनीच्या पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं बहुधा लिहिलेलं असतं. वर्षात हजार किलोमीटर झाले असले, तरी वर्ष झालेलं असतं.

आता प्रकृतीचा मुद्दा. धूर स्वच्छ करणारा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ हा भाग अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं ही सर्वांत घाणेरड्या धुराची असतात. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये रोज दहा मिनिटं गाडी घुरघुरत ठेवली, की हा धूर पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून आत जातो. तिथे दम्याचं मूल किंवा श्वासाचा विकार असलेले आजोबा असतील, तर त्यांना तो रोज ओढावा लागतो.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा, निदान पंधरवड्यातून एकदा गाडी खरोखर चालवा. अर्धा तास, शक्य तर सलग वेगात, मोकळ्या रस्त्यावर. मंडईत जाऊन परत येणं यात धरू नका.

बंद गॅरेज : वास नसलेलं विष

बंगल्याच्या शटर लावलेल्या गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या कोंदट पार्किंगमध्ये गाडी सुरू ठेवू नका. याबद्दल मला अजिबात तडजोड मान्य नाही. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. त्यामुळे हिमोग्लोबिन अडकून पडतं आणि मेंदू-हृदयाला प्राणवायू मिळत नाही.

सुरुवात साधी असते : डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, पाय लटपटणं. माणसाला वाटतं, पित्त झालंय किंवा ऊन लागलंय. तो जरा बसतो, आणि मग उठू शकत नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचनाही त्यांचीच. पक्षी माणसाच्या आधी कोसळतो आणि धोका कळतो. आपल्या गॅरेजमध्ये कॅनरी नसते.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. या वायूने अडवलेलं हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायू भरल्यासारखंच दिसतं, आणि तो ‘९८’ दाखवत राहतो. अशा माणसाला आधी उघड्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना ‘बंद जागेत गाडी सुरू होती’ हे आवर्जून सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो. म्हणून रुग्णालय गाठणं महत्त्वाचं. बंद जागेत एसी लावून गाडीत झोपणाऱ्या चालकांनाही हाच धोका असतो.

टाकीतलं इंधन

पेट्रोल नासतं. त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा हळूहळू चिकटा बनतो. तो इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत बसतो. शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने ठेवणं, म्हणजे बाष्पाला जागा करून देणं. टाकी अर्ध्याहून वर ठेवा आणि भरलेलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांत वापरून नवीन भरा.

सीएनजी गाडीवाल्यांची एक वेगळी खोड असते. गाडी कायम गॅसवर पळते आणि टाकीतलं पाच लीटर पेट्रोल वर्षभर तेच असतं. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी गाडी उभी होती म्हणून चुकवता येत नाही.

डिझेल गाडी कमी चालवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी काही वेळ सलग वेगात चालली, तरच ती तापून आतली काजळी जाळते. नुसत्या छोट्या फेऱ्या मारल्या, की गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च डोळे पांढरे करतो. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालवायची असेल, तर पुढची गाडी घेताना डिझेलचा विचार सोडा.

टायर आणि ब्रेक

टायरमधली हवा महिन्याला एक-दोन पौंड आपोआप कमी होते. कमी हवेत गाडी एकाच जागी उभी राहिली, की टायरचा टेकलेला भाग चपटा पडतो आणि पुढे गाडी धडधडते. रबर मऊ ठेवणारे आणि ओझोनपासून वाचवणारे पदार्थ टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरवर ते येत नाहीत, आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडू लागतात. ‘नक्षी अजून छान आहे’ एवढ्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. नक्षी शाबूत असलेला, पण दहा वर्षांचा टायर उन्हाळ्यात द्रुतगती मार्गावर न्यायचा नसतो. स्टेपनीलाही हाच नियम.

ब्रेकच्या लोखंडी तबकडीवर दमट हवेत दोन दिवसांतही तांबूस गंज येतो. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये घासून निघतो. महिनोन्‌महिने हँडब्रेक ओढून ठेवला, तर मात्र पॅड किंवा लायनर चिकटून बसतात. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, आणि चाकाला पुढून-मागून वीट किंवा लाकडाचा ठोकळा लावा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी शोषतं. दोन वर्षांनी ते बदलायचं, मग गाडी किती का चालेना.

बोनेटखालचे भाडेकरू

उभी गाडी म्हणजे उंदराला उबदार, अंधारी, निवांत जागा. वायरी कुरतडल्या की खर्च होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. दवाखान्यात त्याची दुसरी बाजू दिसते, ती म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या मूत्रातून जाणारे हे जंतू ओल्या जागी टिकून राहतात आणि त्वचेवरच्या बारीक जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक आवरणातून शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची साथ अनुभवली आहे.

बोनेट उघडल्यावर लेंड्या, कापूस, कागदाचे कपटे दिसले, तर उघड्या हाताने किंवा झाडूने साफ करू नका. इंजिन थंड असू द्या. रबरी हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फडक्यावर घेऊन घाण आधी भिजवा, विजेचे जोड सांभाळा, दहा मिनिटांनी पुसून पिशवीत बंद करा आणि हात साबणाने धुवा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि उंदराच्या घाणीचा उल्लेख करा. वेळेवर उपचार झाले तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाला, की मूत्रपिंड आणि यकृतावर जातो.

उंदीर मारायची पेस्ट बिस्किटाला किंवा टोमॅटोला लावून बोनेटमध्ये ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. कृपा करून हे करू नका. अशा काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो थोडासा पोटात गेला तरी यकृत निकामी करू शकतो, आणि त्यावर उतारा नाही. तो तुकडा उंदीर ओढत बाहेर आणतो आणि पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोराच्या हाती लागतो. डांबरगोळ्याही गाडीच्या आत ठेवू नका. त्यांची वाफ बंद काचांत कोंडते आणि काही लहान मुलांत जन्मजात दोषामुळे ती रक्तपेशी फोडू शकते. त्यापेक्षा गाडीत खाऊचे कण राहू देऊ नका, पार्किंगमधला कचरा हलवा, पिंजरा लावा, आणि गाडी हलवत राहा. हलणाऱ्या गाडीत उंदीर संसार थाटत नाही.

गाडीच्या कव्हरच्या खळग्यात साचलेलं पावसाचं स्वच्छ पाणी, कोपऱ्यात टेकवून ठेवलेला जुना टायर ही डेंग्यूच्या ‘एडिस’ डासाची आवडती जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा कव्हर झटकलं, की त्याचं चक्र तुटतं. जुना टायर मात्र ठेवूच नका.

एसीतली बुरशी

महिन्याभराने गाडीत बसल्यावर ओल्या गोणपाटासारखा वास आला, तर एसीच्या थंड नळ्यांवर बुरशी धरली आहे असं समजा. पहिल्या झोतात तिचे कण थेट तोंडावर येतात. दमा, ॲलर्जी असणाऱ्यांना शिंका, खोकला, धाप लागू शकते. अशा वेळी काचा खाली करा आणि पहिली काही मिनिटं पंखा चालवून हवा बाहेर जाऊ द्या. आठवड्याच्या फेरीत दहा मिनिटं एसी लावा, थंडीतही. त्यामुळे कॉम्प्रेसरमधलं तेल फिरतं आणि जोड कोरडे पडत नाहीत. घरी पोहोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे नळ्या वाळतात. एसीची हवा गाळणारी जाळी वर्षातून एकदा बदला.

कुलूप : सर्वांत स्वस्त काळजी

आता सर्वांत गंभीर मुद्दा. पार्किंगमध्ये बरेच दिवस उभी असलेली, कुलूप न लावलेली गाडी ही मुलांसाठी लपाछपीची जागा असते. दार आतून उघडता येत नाही, हॉर्न ऐकू जात नाही, डिकी बाहेरूनच उघडते. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी वाढू शकतं. बाहेर ३५ अंश असतील, तर आत पन्नाशी गाठली जाते. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. काचा बोटभर उघड्या ठेवून फारसा फरक पडत नाही. आपल्या देशात अशा गाड्यांत गुदमरून, होरपळून मुलं दगावली आहेत.

‘जुनीच तर आहे, कोण नेणार?’ म्हणून गाडी उघडी ठेवू नका. चारही दारं आणि डिकी लावलेली आहेत का, ते रोज बघा, आणि किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. सोसायटीत एखादं मूल सापडत नसेल, तर पाण्याच्या टाकीबरोबरच उभ्या गाड्या आणि त्यांच्या डिक्या सर्वांत आधी तपासा. मूल तापलेलं आणि ग्लानीत सापडलं, तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

चालकाचं काय?

गाडीबरोबर चालवणाऱ्याचा हातही बसतो. चार महिन्यांनी एकदम रात्री, पावसात, घाबरलेल्या मनाने गाडी काढणारा सत्तरीचा माणूस स्वतःला आणि शेजारच्या रुग्णालाही धोक्यात घालतो. चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म १ ए’ लागतो. ती सहीपुरती औपचारिकता समजू नका. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, मानेच्या दुखण्यात मागे वळून पाहता येत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते आणि मधुमेहाच्या काही औषधांनी साखर अचानक उतरते. आठवड्याची फेरी दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्याने मारली, तर गाडीबरोबर चालकाचाही सराव राहतो. ती फेरी भीतीची वाटू लागली असेल, तर डोळे आणि औषधं एकदा तपासून घ्या.

आणि ज्या अडीनडीसाठी गाडी ठेवली, तिच्याबद्दल स्पष्ट सांगतो. छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, धाप लागणं, यांत पहिला फोन १०८ ला. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, आणि तिच्यात वाटेतच उपचार सुरू होऊ शकतात. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही, कितीही जवळचं रुग्णालय असलं तरी. घरची गाडी ही दुसरी फळी. रुग्णवाहिकेला उशीर लागणार असेल आणि चालवायला दुसरं कुणी असेल, तर ती कामी येते. पण त्या रात्री ती पहिल्या किल्लीला सुरू व्हायला हवी.

ठेवायची असेल, तर एवढं करा

आठवड्याला : अर्ध्या तासाची फेरी, त्यात दहा मिनिटं एसी. कव्हर झटकणं, बोनेट उघडून उंदराच्या खुणा बघणं, दारं-डिकी लावल्याची खात्री.

महिन्याला : टायरची आणि स्टेपनीची हवा, बॅटरीचा व्होल्ट, काचा पुसायचं पाणी, गाडीखाली तेलाचा डाग पडलाय का ते.

तीन महिन्यांच्या आत : जुनं इंधन संपवून नवीन भरणं.

वर्षाला : इंजिन ऑइल, एसीची जाळी, टायरची तपासणी. विमा आणि पीयूसीची मुदत. विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले, तर वर्षानुवर्षं साठलेली ‘नो क्लेम’ सवलत हातची जाते.

या यादीला आठवड्याला तासभरही लागत नाही. एवढा वेळ वा उत्साह नसेल, तर तसं मान्य करण्यात काही कमीपणा नाही. मुलाने घेऊन दिलेली गाडी विकायला मन तयार होत नाही, हे मला समजतं. पण वर्षभराचा विमा, देखभाल, बॅटरी यांचा हिशेब एकदा कागदावर मांडा. महिन्यातून एखाद्या वेळी लागणारी टॅक्सी त्यापेक्षा बरीच स्वस्त पडेल, आणि ती सुरू होईल की नाही ही चिंता तुमची नसेल. गाडी विकली, तर तो पैसा औषधपाण्याला किंवा दाराशी येणाऱ्या चांगल्या मदतनीसाला कामी येईल.

ठेवायची ठरवलीत, तर मात्र तिला हलवत राहा. येत्या रविवारी सकाळी कव्हर काढा, बोनेट उघडून बघा, टायरची हवा तपासा आणि दोघं मिळून गावाबाहेर एक फेरी मारून या. तुमच्या दोघांच्या पाठीला आणि गुडघ्यांनाही त्या निमित्ताने थोडी हालचाल होईल.